मास्टर्स केल्यावर पगार वाढतो का? कुपवाडच्या एका इंजिनियरला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: "सर, मी तासगाव तालुक्यातला. मेकॅनिकल बी.टेक. होऊन तीन वर्षं झाली. कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, हातात 22,000 येतात. वडील म्हणतात पुण्यात एमबीए कर, रूममेट म्हणतो एम.टेक. कर, मामानं जर्मनीचं डोक्यात घेतलंय. मास्टर्स केल्यावर पगार खरंच वाढतो का, की दोन वर्षं आणि घरचे पैसे जाणार? धाकटी बहीण बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्यासाठीही सांगा."

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पुण्यातल्या कुठल्याही मिळेल त्या कॉलेजातला एमबीए तुझ्या हिशोबात बसत नाही. एम.टेक. एका अटीवर बसतो. जर्मनीचा विचार आत्ता नको, भाषा आल्यावर कर. बहिणीनं मात्र एम.एस्सी. करावी असं माझं मत आहे, पण विषय बघून.

माझी सगळी नोकरी माणसं घेण्यात गेली. आधी कुपवाड-मिरज, मग शिरवळ पट्टा. पगार ठरवणाऱ्यांच्या बाजूला बसलं की एक गोष्ट फार लवकर कळते. आमच्या फायलीत पगार पदवीला लावलेला नसतो, जागेला लावलेला असतो. ज्युनियर क्वालिटी इंजिनियरची जागा 20 ते 26 हजारांची असेल तर तिथं बी.ई. येवो नाहीतर एम.टेक., त्याच पट्ट्यात बसणार. एम.टेक.वाल्याला फार तर एखादं इन्क्रिमेंट वर. पदवीचे पैसे होतात ते दुसऱ्या प्रकारच्या जागांवर. तिथं जाहिरातीतच लिहिलेलं असतं की ही पदवी नसेल तर अर्ज करू नका, आणि पगारही जास्त असतो. तेव्हा आधी जागा शोध. त्या जागेवर आज बसलेली माणसं काय शिकलीत ते बघ. त्यातल्या निम्म्यांकडं मास्टर्स नसेल तर ती जागा मास्टर्स मागत नाही, कॉलेजवाले काहीही सांगोत.

आता आकडे. तू फी किती ते विचारतोस, पण सगळ्यात मोठा खर्च फीचा नसतोच. वडिलांना समोर बसव. द्राक्षबाग करणाऱ्या माणसाला हा हिशोब पटकन कळतो, कारण बाग धरताना औषध-मजुरीबरोबर त्या रानात दुसरं काय आलं असतं हेही तो मोजतो. तुझं 'दुसरं पीक' म्हणजे सोडलेला पगार. 22,000 गुणिले 24 महिने म्हणजे 5,28,000. खासगी एमबीएची फी दोन वर्षांची 8 लाख धरू. पुण्यात राहणं-जेवण, तुझ्या आजच्या खर्चापेक्षा महिन्याला 8,000 जास्त धरले तर 1,92,000. बेरीज 15 लाख 20 हजार. यात कर्जाचं व्याज अजून धरलेलं नाही.

समोर काय मिळणार? कॉलेजच्या माहितीपत्रकात 'अॅव्हरेज पॅकेज 6 लाख' लिहिलेलं असतं आणि घरी सगळे 6 लाख भागिले 12 म्हणजे 50,000 असं मोजतात. मी अशी ऑफर लेटरं स्वतः बनवलीत, म्हणून आतलं सांगतो. 6 लाखांत 60,000 व्हेरिएबल असतं, ते वर्षाअखेरीस कंपनीचं आणि साहेबांचं मन असेल तसं मिळतं. कंपनीनं भरायचा पीएफ महिना 1,800 म्हणजे वर्षाला 21,600, तोही तुझ्याच पॅकेजात मोजलेला. मूळ पगार 20,000 असेल तर ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के म्हणून 11,500 च्या आसपास, तेही आत. विम्याचा हप्ता 8,000. हे सगळं वजा केलं की महिन्याला साधारण 41,500 उरतात. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला की हातात पडतात 39,500. म्हणजे 6 लाखांचं पॅकेज हे हातात 40,000 चं समज. मुलाखतीला येणाऱ्या दहातल्या आठ पोरांना हे माहीत नसतं, आणि त्यांच्या आईवडिलांना तर नसतंच.

आता 40,000 ची तुलना 22,000 शी करू नकोस. दोन वर्षांत तू आहेस तिथंच राहिलास तरी 26,000 वर गेला असतास. म्हणजे फरक 14,000, वर्षाला 1,68,000. 15 लाख 20 हजार भरून निघायला नऊ वर्षं, व्याज सोडून. आणि जर 40 ऐवजी 32,000 वरच बोळवण झाली, जी बऱ्याच एमबीएवाल्यांची होते, तर फरक 6,000 चा, एकवीस वर्षं. उलट 70,000 हातात आले तर तीन वर्षांच्या आत सगळं वसूल. पदवीचं नाव तिन्ही ठिकाणी एकच, एमबीए. म्हणून 'एमबीए फायद्याचा का' या प्रश्नाला उत्तर नाही, 'या कॉलेजातला एमबीए फायद्याचा का' याला आहे.

याच्यातही मी तुला एक सवलत दिली. 26,000 हा आकडा जागेवर बसून राहणाऱ्याचा आहे. तीन वर्षं क्वालिटीला काढलेला, पीपीएपीची (नवा पार्ट गिऱ्हाईक कंपनीकडून मंजूर करून घ्यायची) फाइल स्वतः बनवणारा, कस्टमर ऑडिटला समोर उभा राहणारा मुलगा शिरवळला किंवा चाकणला 30-32 हजारांवर जातो, मी घेतलेत. ती उडी फुकट आहे. ती मारून बघितल्याशिवाय पदवीची तुलना कशाशी करणार? कुपवाडमधल्या कितीतरी पोरांना पगार कमी वाटतो तो पदवी कमी पडते म्हणून नाही, गाव सोडायचं नाही म्हणून. सांगलीत राहायचं, घरचं खायचं, आठवड्याला रानात चक्कर मारायची, याचीही किंमत असते आणि ती तू पगारातून मोजतोयस. मोजायला हरकत नाही, फक्त तिचा दोष बी.टेक.ला देऊ नकोस.

जागतिक बँकेच्या अभ्यासकांचा एक आकडा नेहमी दाखवला जातो: शिक्षणाच्या एका जादा वर्षानं कमाई सरासरी 9 टक्क्यांनी वाढते. तो खरा आहे, पण जगभरच्या, पहिलीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या वर्षांची ती सरासरी आहे. तुझ्या 22,000 ला दोन वर्षांचे लावून बघ, 26,000 येतात. तिथं तर तू नुसत्या इन्क्रिमेंटवर पोहोचणार होतास. आणि सरासरीच्या खाली काय असतं तेही बघावं: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारत रोजगार अहवालात 2022 सालचं तरुण पदवीधरांचं बेरोजगारीचं प्रमाण 29.1 टक्के आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांचं 3.4 टक्के. न शिकलेला मिळेल ते काम धरतो, शिकलेला वाट बघत बसतो, त्यातून हा फरक पडतो. वाट बघायला घरचं पाठबळ लागतं, आणि मास्टर्सला नाव घालणं हा वाट बघण्याचा सभ्य प्रकार झालाय. पोरगा काय करतो विचारलं तर 'एम.ए. करतोय' म्हणता येतं. एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, एम.ए. नं तिथं काही वाढत नाही, तरी लायब्ररीत जागा आणि घरी उत्तर मिळावं म्हणून किती जण प्रवेश घेतात ते विश्रामबागेत कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघ.

एमबीए करायचाच असेल तर मग नीट कर. तीन वर्षांचा शॉप फ्लोअरचा अनुभव हा तुझा खरा माल आहे, आणि तो ऑपरेशन्सला विकला जातो, मार्केटिंगला नाही. मुंबईतली जुनी नीटी, जी 2023 पासून आयआयएम मुंबई झाली, तिथं कारखान्यातून आलेल्या इंजिनियरला किंमत आहे. जमनालाल बजाज संस्था आहे. पुणे विद्यापीठाचा स्वतःचा पुम्बा आहे. त्यांतल्या आयआयएमची प्रवेश परीक्षा कॅट, ती नोव्हेंबरअखेरीस असते, फॉर्म ऑगस्टपासून निघतात. राज्याची एमबीए सीईटी वेगळी. नोकरी न सोडता एक वर्ष अभ्यास कर, परीक्षा दे. वरच्या यादीत नंबर लागला तर कर्ज काढून जा, मी स्वतः तुझ्या वडिलांना समजावतो. नाही लागला तर जे कॉलेज 'सीटा भरत आल्यात, टोकन भरा' म्हणून फोन करतं तिथं जाऊ नकोस. ज्या कॉलेजला विद्यार्थी शोधावे लागतात त्याच्याकडं कंपन्या शोधत येत नाहीत.

कर्जाबद्दल थोडं खोलात जातो, कारण इथं घरं बुडालेली बघितलीत. 8 लाख, 11 टक्के, सात वर्षं, तर हप्ता 13,700 च्या आसपास. पण तो केव्हा? जेव्हा शिकत असतानाचं व्याज तू भरत गेलास तेव्हा. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, याला लोक 'बिनव्याजी' समजतात. व्याज चालूच असतं. पहिल्या वर्षी 4 लाख उचलले, दुसऱ्या वर्षी आणखी 4, तर तिसऱ्या वर्षाअखेरीस साचलेलं व्याज 2 लाख 20 हजार होतं. ते मुद्दलात मिसळलं की 10 लाख 20 हजारांवर हप्ता बसतो साडेसतरा हजार. हातात 40,000, त्यातून हप्ता साडेसतरा, पुण्यात खोली-मेस बारा. उरले साडेदहा. आज कुपवाडला घरून डबा आणून तू याच्यापेक्षा जास्त मागं टाकत असशील. म्हणून बेदाण्याचा पैसा येतो तेव्हा वडिलांनी निदान शिकत असतानाचं व्याज तरी भरत राहावं.

बँकेत 7 लाख 50 हजारांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, त्याच्या वर मागतात. शेतजमीन बँका नाकारतात, कारण थकलेल्या कर्जापोटी ताबा घेण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. मग तारण राहतं ते राहतं घर किंवा एनए प्लॉट. घर लावायचं का, हे आईला विचारल्याशिवाय ठरवू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघ: निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. आणि तुझ्या मनातलं कॉलेज त्या योजनेच्या यादीत आहे का हीसुद्धा एक चाचणीच समज. एजंट 'व्याजावर करात सूट मिळते' असं सांगतात. ती सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर भरावा लागत नाही, त्यामुळं 6 लाखांच्या पगाराला त्या सुटीचा उपयोग शून्य.

आता एम.टेक. याचा खर्च कमी आहे हे तुझा रूममेट बरोबर सांगतो, पण तू गेट या प्रवेश परीक्षेतून आलास तरच. गेट पास होऊन पूर्णवेळ एम.टेक. केलं तर महिन्याला 12,400 शिष्यवृत्ती मिळते. दोन वर्षांचे 2,97,600. सोडलेल्या पगारातून ते वजा केले तर खड्डा 2 लाख 30 हजारांचा, अधिक फी. एमबीएच्या मानानं काहीच नाही. गेटशिवाय, मॅनेजमेंट कोट्यातून, सीट रिकामी आहे म्हणून केलेला एम.टेक. मात्र मी कुणालाही करू देणार नाही.

आणि गेट दिलीस तर आणखी एक दार उघडतं. एनटीपीसी, ओएनजीसीसारख्या सरकारी कंपन्यांनी गेटच्या गुणांवर बी.टेक.वालेच घेतलेत. गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे नुसत्या परीक्षेतून मिळणारा पगार कधीकधी पदवीतून मिळणाऱ्या पगारापेक्षा मोठा असतो. वालचंदमधली हुशार पोरं हे आधीपासून करतात. 1947 सालचं ते कॉलेज आपल्या गावात आहे, तिथल्या चौथ्या वर्षाच्या मुलांशी जाऊन बोल, कोचिंगवाल्यांपेक्षा खरं सांगतील.

एम.टेक.चं ज्ञान कुठं विकलं जातं, याचं एक उदाहरण. आमच्याकडं फाउंड्रीत क्वालिटी इंजिनियरची जागा होती. दोन मुलं शेवटपर्यंत आली, एक एम.टेक., एक डिप्लोमा करून मग बी.ई. झालेला. प्लांट हेडनी टेबलावर एक रिजेक्ट कास्टिंग, म्हणजे नापास झालेला ओतीव पार्ट ठेवला, वरच्या बाजूला पोकळी पडलेला. "हे काय?" एम.टेक.वाल्यानं घनीभवनाचं शास्त्र व्यवस्थित सांगितलं, कुठं आकुंचन होतं, रायझर (जादा धातूचा साठा) कुठं हवा. एक शब्द चुकीचा नव्हता. दुसऱ्यानं कास्टिंग उचललं, खिडकीकडं नेलं, पोकळीत नख फिरवलं आणि म्हणाला, "आतून गुळगुळीत आहे साहेब. श्रिंकेज असतं तर खडबडीत लागलं असतं. हा गॅस आहे. कोअर ओला होता का व्हेंट बुजला होता?" (कोअर म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, व्हेंट म्हणजे गॅस जायची वाट.) त्याला आम्ही घेतलं, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त देऊन घेतलं.

गोष्ट इथं संपवली तर 'डिग्रीपेक्षा अनुभव मोठा' असं होईल, आणि ते खोटं आहे. तो एम.टेक.वाला काही महिन्यांत पुण्यात कास्टिंगचं सिम्युलेशन करणाऱ्या एका कंपनीत लागला, आम्ही ज्याला घेतलं त्याच्या जवळजवळ दुप्पट पगारावर. ज्या शास्त्राला आमच्या टेबलावर गिऱ्हाईक नव्हतं त्याला तिथं होतं. कुपवाडच्या शॉप फ्लोअरवर परत यायचं असेल तर एम.टेक. करू नकोस. सीएई (संगणकावर डिझाइन तपासणं), डिझाइन, आर अँड डी अशा कामात जायचं असेल, आणि पुणे-बेंगळुरूला राहायची तयारी असेल, तर कर.

शिकवण्यासाठी एम.टेक. करणारेही असतात. इंजिनियरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला ते लागतंच. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्या जागेचा मूळ पगार 57,700 हे कागदावर बरोबर आहे. विनाअनुदानित कॉलेजात हातात किती पडतो आणि किती महिन्यांनी पडतो, हे तिथल्या चार तरुण प्राध्यापकांना चहाला नेऊन विचार. कॅन्टीनमध्ये नको, बाहेर.

नोकरी करत शिकायचा रस्ताही आहे. बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा एम.टेक. अनेक कंपन्या चालवून घेतात, काही तर फी भरतात, बदल्यात बाँड लिहून घेतात. सोडलेला पगार हा मोठा खर्च त्यात शून्य होतो. आपल्या भागाला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' सुरू केली ती गरिबीतून आलेली सोय होती, पण हिशोबाच्या अंगानं बघितलं तर आजही तीच सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. घरबसल्या दूरस्थ एमबीए मात्र नव्या नोकरीसाठी फारसा मोजला जात नाही. आत्ताच्या कंपनीत बढतीच्या फायलीला 'पदव्युत्तर' असा रकाना असेल तर त्यापुरता चालतो.

मामांच्या जर्मनीबद्दल. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे 12 लाख रुपयांच्या पुढं, आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. ते तुझेच पैसे, महिन्याला 992 युरोप्रमाणे परत मिळतात. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. अडतं कुठं? भाषेत. कोर्स इंग्रजीत असला तरी कारखान्यातली मीटिंग जर्मनमध्ये असते. बी 2 पातळीपर्यंत (कामावर बोलता येईल इतकं) जर्मन इथं बसून, नोकरी करत झालं तर जा. पैशाच्या हिशोबात तो चांगला सौदा आहे. 'तिथं गेल्यावर शिकू' म्हणणारे दुकानात माल भरत बसलेत. अमेरिकेचं तर आत्ता काढूच नका. 40 लाखांच्या पुढं खर्च, नंतर स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या) पदवीला मिळून तीन वर्षं काम करायची मुभा, त्यापुढं एच-1बी या कामाच्या व्हिसाची लॉटरी, आणि सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जाला एक लाख डॉलरचं शुल्क. घर तारण ठेवून लॉटरी खेळायची नसते.

(एक गोष्ट कुणी लिहीत नाही पण घरात बोलतात: बायोडेटावर 'एम.टेक.' किंवा 'एमबीए' असलं की स्थळं बरी येतात. येतात, नाकारत नाही. पण मुलीकडचे दुसऱ्याच प्रश्नाला पुण्यातला फ्लॅट विचारतात, आणि साडेसतरा हजारांचा हप्ता चालू असताना फ्लॅट होत नाही.)

आता बहिणीचं. तिचा हिशोब तुझ्यापेक्षा पूर्ण वेगळा आहे, कारण ती सोडणार आहे तो पगार लहान आहे. नुसत्या बी.एस्सी. केमिस्ट्रीला इथं लॅबमध्ये 12-15 हजार मिळतात. दोन वर्षांत बुडणार 3 लाखांच्या आसपास, आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या विभागात प्रवेश परीक्षेतून नंबर लागला तर फीही झेपणारी. ऑरगॅनिक किंवा अॅनालिटिकल घेऊ दे. औषध कंपन्यांच्या आर अँड डी मध्ये, कुरकुंभ, पाताळगंगा, हैदराबाद कुठंही जा, सिंथेसिसच्या (रसायन तयार करायच्या) जागेवर एम.एस्सी. ऑरगॅनिकच मागतात, बी.एस्सी.चा अर्ज उघडतही नाहीत. वर म्हटलं ना, जाहिरातीतच पदवी लिहिलेली असते, ती ही जागा. विनाअनुदानित कॉलेजातल्या महागड्या एम.एस्सी.ला मात्र हे सगळं लागू नाही, कारण तिथं प्रयोगशाळेतली उपकरणं बंद असतात आणि मुलाखतीत ते दोन मिनिटांत उघडं पडतं. एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर स्वतः नमुना चालवला आहे का, हा आमचा पहिला प्रश्न असायचा.

तिला लगेच कमवायचं असेल तर एम.एस्सी.शिवायचेही दोन चांगले रस्ते आहेत. एक, औषध कारखान्यात उत्पादनात लागायचं. औषधनिर्मितीच्या नियमांत केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी.ला तीन वर्षांच्या उत्पादन अनुभवानंतर मंजूर तांत्रिक माणूस म्हणून नाव लावता येतं, बी.फार्म.ला हेच 18 महिन्यांत. कंपन्यांच्या भाषेत 'एफडीए अप्रूव्हड केमिस्ट'. परवान्यावर अशी माणसं दाखवावीच लागतात, त्यामुळं अप्रूव्हल हातात आलं की पगार एका झटक्यात वर जातो. दोन वर्षं एम.एस्सी. केलेली मैत्रीण तेव्हा कदाचित तिच्याहून कमी पगारावर असेल. पुढं दहा वर्षांनी चित्र उलटही होईल, पण सुरुवात हिची चांगली.

दुसरा रस्ता आपल्या पट्ट्याचा: साखर. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बी.एस्सी.नंतर साखर तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आणि पुढं चीफ केमिस्ट व्हायचं तर ते लागतं, एम.एस्सी. करून लॅब केमिस्टच राहिलेले मला माहीत आहेत. इथेनॉलमुळं डिस्टिलरीला केमिस्ट आणखी लागतात, त्याचाही अभ्यासक्रम तिथं आहे. तोटेही सांगतो. हंगामात रात्रपाळी, सुरुवातीला हंगामी नेमणूक, आणि काही कारखान्यांत पगार थकतो. मुलगी नको म्हणणारे जुने अधिकारी अजून आहेत, पण पूर्वीइतके नाहीत.

एम.एस्सी. आणि बी.एड. करून ज्युनियर कॉलेजला लागण्याचा विचार घरात कुणीतरी काढेलच. तिथं आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. जानेवारी 2023 पासून उच्च माध्यमिकला मानधन 20,000 झालंय, पूर्वी 9,000 होतं. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. नोकरी चांगली, पण भरती कधी निघेल यावर संसार उभा राहत नाही. सीनियर कॉलेजसाठी नेट किंवा सेट लागते, आणि ती पास होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. सेट द्यायला हरकत नाही, तिच्यावर विसंबून मात्र राहू नये. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींसाठी राज्य सरकारनं जुलै 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय. साधी एम.एस्सी. व्यावसायिक अभ्यासक्रमात मोजत नाहीत, पण ती पुढंमागं एमबीएकडं वळली तर हे लक्षात असू दे, त्या हिशोबात मोठा फरक पडतो.

तुझ्यापुरतं म्हणशील तर या ऑगस्टमध्ये कॅट किंवा गेट, दोन्हीपैकी एकाचा फॉर्म भर, दोन्हीचा नको. अभ्यास सुरू असतानाच शिरवळ-चाकणला अर्ज टाक. नोकरी कधीही सोडलीस तरी पीएफ काढू नकोस. पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र ठरतो, आणि नव्या कंपनीत त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) वर्ग करता येतो. अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, हुद्द्यासकट घे. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेव. पुढच्या मुलाखतीत तुझा आकडा पदवी बघून ठरायच्या आधी त्या स्लिपा बघून ठरतो, आणि छोट्या कारखान्यांत राजीनामा दिल्यावर त्या मिळवायला फार चकरा माराव्या लागतात.